पुढचा बार जाड, मागचा तसाच

पुणे, १२ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

तुझ्या मिआटाला, माझदाच्या त्या छोट्या दोन सीटच्या गाडीला, पुढे-मागे दोन्हीकडे जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचं कलणं कमी करणारा पोलादी दांडा) घालायचा तुझा बेत कळला. कुठला सेट मागवू, असं विचारलंयस. सेट मागवूच नकोस. फक्त पुढचा बार घे, मागचा कंपनीचा आहे तो राहू दे. का ते सांगतो, आणि बसवताना कुठे फसायला होतं तेही.

आधी एक गैरसमज काढून टाक. बार घातला की पकड वाढते असं सगळे म्हणतात. पकड टायर देतात. बार फक्त पुढच्या जोडीने किती भार सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी बदलतो. हिशेब बघ. गाडी तुझ्यासकट ११०० किलो धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४५ मीटर, दोन चाकांतलं अंतर १.४१ मीटर. ०.९ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट बाजूच्या जोराने वळताना ११०० × ०.९ × ०.४५ ÷ १.४१, म्हणजे साधारण ३१५ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या सूत्रात बारची जाडी कुठेच नाही. बार कितीही जाड घाल, ३१५ चे ३१५ च राहतात. त्यातले पुढे किती आणि मागे किती, एवढंच तुझ्या हातात आहे. आणि टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या टोकाला बार जाड, तिथल्या जोडीची एकूण पकड घटते. पुढे जाड केलास तर नाक बाहेर जाईल, मागे जाड केलास तर शेपूट.

मग पुढे घालायचाच कशाला? कारण तुझी गाडी मागच्या चाकांवर चालते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबलास की आतलं मागचं चाक हलकं पडून नुसतं फिरायला लागतं, विशेषतः डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) साधा असेल तर. पुढचा बार जाड केला की भाराच्या बदलातला मोठा वाटा पुढची जोडी उचलते, मागचं आतलं चाक जमिनीवर दाबून राहतं आणि ताकद रस्त्यावर उतरते. शिवाय कलणं कमी झाल्यामुळे कोन्समधून डावी-उजवी करताना गाडी लवकर स्थिरावते. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागी कोन्स मांडून एकेका गाडीची वेळ लावायच्या स्पर्धेत, खरी कमाई हीच. मागचा बार जाड करणं हे याच्या बरोब्बर उलट काम आहे, आणि पावसात तर नकोच नको.

डिफ साधा आहे की एलएसडी (एकाच चाकाला नुसतं फिरू न देणारा), ते घरीच कळेल. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लाव, मागची दोन्ही चाकं उचल, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरव. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफ साधा. त्याच दिशेने फिरलं किंवा जड लागलं तर एलएसडी. १९९३ पर्यंतच्या १.६ लिटर गाड्यांना व्हिस्कस प्रकारचा एलएसडी मिळायचा, १९९४ पासून टॉर्सन प्रकारचा आला, पण दोन्ही ऑप्शनच होते, तेव्हा सालावरून अंदाज बांधू नकोस.

आता जाडी. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तुझा पुढचा बार १९ मिमीचा आहे असं धरू, पण कॅलिपरने मोजून घे, गंज आणि रंगाचा थर खरवडून. सालागणिक आणि पॅकेजगणिक हा आकडा वेगळा असतो. १९ चा २२ केलास तर जवळजवळ १.८ पट, २४ केलास तर अडीच पट. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना? मागे तर गंमतच आहे. १२ चा १६ केला की तिपटीहून जास्त! मागचा दिसतो काडीसारखा, म्हणून लोक बिनधास्त वाढवतात आणि पहिल्याच ओल्या रस्त्यावर गाडी गोल फिरते.

पोकळ बारबद्दल विचारशीलच. पिळाचं काम बाहेरचा थर करतो, आतलं पोलाद नुसतं ओझं. बाहेरचा व्यास २५.४ मिमी आणि भिंत ४ मिमी असलेली नळी २४ मिमीच्या भरीव बारइतकीच कडक असते, पण वजन सुमारे ४० टक्क्यांनी कमी. नाकाच्या टोकाशी बसणारी वस्तू आहे, तेव्हा पोकळ मिळाला तर तोच घे. मात्र जाहिरातीत नुसता बाहेरचा व्यास छापलेला असेल तर भिंतीची जाडी विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. त्या आकड्यावाचून तुलनाच होत नाही.

टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार बघ. लिंक, म्हणजे बारचं टोक चाकाच्या आर्मला जोडणारी कांडी, आतल्या भोकात लावली की बारचा हात (टोकाचा वळवलेला भाग) आखूड, बार कडक. २५० मिमीचा हात २२५ केला तर कडकपणा २३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. सुरुवात सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे मऊ भोकापासून कर.

खोक्यातून बार निघण्याआधी गाडीखाली एक जागा बघायचीच आहे. पुढच्या बारचे ब्रॅकेट ज्या पत्र्याच्या पेटीला बोल्टने आवळलेले असतात, ती पेटी कंपनीच्या बारचा भार धरूनच केलेली आहे. जाड बार लावला की ती हळूहळू फाटते. मिआटाचं हे जुनं, माहितीतलं दुखणं आहे. टॉर्च तिरपा धरून वेल्डच्या कोपऱ्यांवर नजर फिरव. भेग आधी रंगात दिसते, केसासारखी बारीक, आणि तिच्या कडेने तपकिरी गंजाचा ओघळ. वायर ब्रशने घासून बघ. रेघ पुसली गेली तर रंगाचीच होती, चमकदार पत्र्यात तशीच राहिली तर पत्रा फाटलाय. तसं असेल तर आधी वेल्डिंग, मग बाकीचं. नसेल तरी २४ मिमीचा किंवा तेवढा कडक बार घेताना त्याच्याबरोबर मजबुतीचे ब्रॅकेट घेच. कंपन्या ते विकतात, ते उगाच नाही. तुझ्याकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे त्या पेटीच्या आतले नटही कुजलेले असू शकतात. तिथे जोर लावलास तर नट आतल्या आत सुटून बोल्टबरोबर फिरत बसतो, आणि मग पेटी कापण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा गंज सोडवणारं तेल मार. बोल्ट एकदम न उघडता पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा खेळवत काढ.

बसवताना पुढची दोन्ही चाकं एकदम हवेत हवीत, सारख्या उंचीवर, जॅक स्टँडवर. एकच बाजू उचललीस तर बार पिळलेला राहतो आणि लिंकचा नट सुटताक्षणी टोक उसळतं. बोटं तिथेच असतात, लक्षात ठेव. खालचा प्लास्टिकचा ट्रे काढ. लिंकचे नट १४ चे, ब्रॅकेटचे बोल्ट १२ चे. लिंकचा खिळा नटाबरोबरच फिरायला लागला तर त्याच्या टोकातल्या खाचेत ॲलन की धरून नट फिरव. खाच गंजून गेली असेल तर झटापट करू नकोस, कापून टाक. नव्या लिंक घ्यायच्याच आहेत.

नव्या बारबरोबर पॉलियुरेथेनचे बुश (बार आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या गाद्या) येतील. कंपनीचा रबरी बुश बारला घट्ट पकडून स्वतः थोडा पिळला जातो. पॉलीच्या आत बार घसरून फिरला पाहिजे, म्हणून आतल्या बाजूला सोबत दिलेलं ग्रीस किंवा सिलिकॉन ग्रीस भरपूर लाव. कोरडे बसवलेस तर महिन्याभरात जुन्या दारासारखे कुरकुरतील. ब्रॅकेट आवळून झाल्यावर, लिंक न जोडता, बारचं टोक वर उचलून सोड. ते आपल्या वजनाने सावकाश खाली आलं पाहिजे. अडकून राहिलं तर ब्रॅकेट बुशला चिरडतोय. ब्रॅकेटखाली पातळ वायसर घालून मोकळीक दे. ही परीक्षा बहुतेक जण घेत नाहीत, आणि मग बार घातल्यावर गाडी दणके द्यायला लागली म्हणून नव्या शॉक ॲबसॉर्बरचे भाव विचारत फिरतात. बार बाजूला सरकू नये म्हणून कॉलर असतात. त्या बुशपासून एक मिमी सोडून आवळ.

माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे ब्रॅकेटचे बोल्ट १८ ते २६ न्यूटन मीटर आणि लिंकचे नट ३७ ते ५४ न्यूटन मीटर. बारवाल्याने त्याच्या कागदात वेगळा आकडा दिला असेल तर त्याचा पाळ.

लिंकची जोडणी मात्र हवेत करू नकोस. गाडी चाकांवर, रॅम्पवर उभी, सीटवर तुझ्या वजनाचं ओझं. इंडियन स्टोअरमधल्या तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्या यासाठी उत्तम. नव्या लिंक लांबी बदलता येणाऱ्या घे. एक बाजू जोड, आणि दुसऱ्या बाजूची लांबी अशी जुळव की बोल्ट नुसत्या बोटाने आत सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर बारमध्ये आधीच पीळ आहे, आणि मग गाडी डावीकडे एक वळेल, उजवीकडे दुसरी. लिंकचे आटे आत किमान १५ मिमी गुंतलेले हवेत. लिंक आणि बारचा हात यांच्यात शक्यतो काटकोन ठेव.

मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. एकदा चाकं लोंबकळत असताना, एकदा गाडीचा भार चाकांवर असताना. टाय रॉड, ब्रेकचा पाइप, खालचा आर्म, कुठे काही घासत नाही ना? नट-बोल्टवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढून ठेव आणि शंभरएक किलोमीटरनंतर बघ. रेघ तुटली असेल तर पुन्हा आवळ. पुढे खडखड ऐकू आली तर आधी लिंकचा नट, मग ब्रॅकेट, मग ती पत्र्याची पेटी, याच क्रमाने बघ.

तक्रार एकच येईल, ती आधीच सांगतो. एका बाजूच्या चाकाखाली खड्डा आला की तो दुसऱ्या बाजूलाही जाणवेल, डोकं डावी-उजवी हलेल. बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो, त्याचा हा मोबदला. त्रास व्हायला लागला तर लिंक बाहेरच्या भोकात घे.

नाक जास्तच बाहेर जातंय असं वाटलं तर लगेच मागचा बार मागवू नकोस. आधी पुढचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलण्याचा कोन) दीड अंशाच्या आसपास आण. मग मागच्या टायरांत दोन पीएसआय हवा वाढवून बघ. एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिही: हवा, भोक, वेळ. हे सगळं मोकळ्या लॉटवरच्या ऑटोक्रॉसमध्ये, रस्त्यावर नाही. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या) ऑटोक्रॉसमधल्या स्ट्रीट वर्गात दोनपैकी एकच बार बदलायला मुभा आहे, म्हणजे दोन्ही बदललेस तर वर्गातूनच बाहेर. नियमावली दर वर्षी नवी निघते, या वर्षीची उघडून बघ.

जाता जाता, तुझ्या पुण्यातल्या भावाला हे पत्र दाखवलंस तर त्याला सांग, की त्याच्या पोलोला यातलं मागच्या बारचं काही लागू नाही. तिथे मागे ट्विस्ट बीम आहे, तो आडवा बीम स्वतःच पिळून बारचं काम करतो. त्याला लिंकही नसते नि भोकंही नसतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यामुळे वाटणीचं गणितही उलटं लागतं.

ऑर्डर देण्याआधी मला चार गोष्टी कळव: दोन्ही बारचा मोजलेला व्यास, डिफ साधा की एलएसडी, टायरचा साइज, आणि त्या पत्र्याच्या पेटीचे दोन्ही बाजूंचे फोटो. फोटो घासून झाल्यावरचे काढ, चिखलासकट पाठवू नकोस.

तुझा,
श्री