दार ओढून घेऊ नको

बर्लिन, सोमवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, तू फोनवर तीनदा विचारलंस, "त्या बंद घरात एकटी कशी राहतेस?" तिकडची रेंज अर्ध्या वाक्यात जाते, म्हणून लिहूनच काढते. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधले परिच्छेद गाळू नका.

आधी फजिती सांगून टाकते. मागच्या मंगळवारी स्लिपर घालून कचरा टाकायला खाली गेले. मोबाईल आत, किल्ली आत. इथल्या दाराची बाहेरची मूठ फिरतच नाही. दार मागे लागलं की किल्लीशिवाय उघडत नाही. आपलं फाटक सड्याच्या वेळी उघडतं ते रात्री कुत्रं शिरू नये म्हणून लावतो, तेवढंच. मला कुठली सवय असणार! जिन्यात अर्धा तास बसले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बुढीनं आत घेतलं, बिनदुधाचा चहा दिला आणि कुलूपवाल्याला फोन लावला. त्यानं फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवली, दोन मिनिटांत दार उघडलं आणि १२० युरो घेतले. बाबा, गुणाकार करू नका.

घर तसं बरं आहे. पण आई, ते आलं बिनचुलीचं. इथं बरीच भाड्याची घरं तशीच मिळतात, स्वयंपाकघरात भिंतीला नळाची तोटी आणि वायर, बस्स. ओटा, शेगडी, कपाटं आधीच्या भाडेकरूकडून विकत घेतली. त्याच्या शेगडीचा एक डोळा तापत नाही, ते पैसे दिल्यावर कळलं.

शनिवारी लाइपझिगला ताईकडे गेले. वर्ध्याच्या होस्टेलवरची, आई, तुला आठवेल, जिला तू मुंगवड्यांचा डबा दिला होतास. जलद गाडी सव्वा तासात पोचवते, पण माझा महिन्याचा पास फक्त साध्या गाड्यांना चालतो, म्हणून मध्ये गाडी बदलून अडीच तास. बाबा, तुमच्या त्या बंद पडलेल्या, रखडत चालणाऱ्या शकुंतला गाडीपुढे हीसुद्धा मेलच. फक्त तिच्यासारखी वावरातून हात दाखवला तर थांबत नाही.

ताईनं रोडगे केले होते, ओव्हनमध्ये. गोवऱ्यांचा वास नाही, राख झटकणं नाही, पण तूप ओतल्यावर कोणी तक्रार केली नाही. वांगी इथली वीतभर लांब आणि पोकळ मनाची, नुसती तेल पितात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र कुंडीसकट मिळतो, खिडकीत ठेवायचा आणि लागेल तसा खुडायचा. मी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलला की भाऊजी टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. ताई हसून खालीच बसली. ठेचा मग खिडकी सताड उघडून, कोट घालून केला.

त्या खिडक्यांचंही एक शास्त्र आहे. मूठ आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की वरचा काठ आत कलतो. पहिल्या दिवशी मला वाटलं निखळून अंगावर येते. थंडी असली तरी दिवसातून दोनदा पाच मिनिटं उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. भाऊजींनी हे शिकवलं तेव्हा कुठे माझ्या कोपऱ्यातल्या काळ्या डागाचं कारण समजलं.

रविवारी दुकानं बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो म्हणून. मग फिरलो. सेंट थॉमस चर्चमध्ये बाख नावाचा संगीतकार १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत गाणाऱ्या पोरांना शिकवत होता. आता समाधीही तिथेच, पाटीवर नुसतं नाव. बाबा, तुमची भजनातली खंजिरी आठवली. २७ वर्षं तुम्हीही त्याच देवळात त्याच पोरांवर ओरडला असता.

निघताना ताई म्हणाली, "दुसरी किल्ली शेजारी ठेव, आपल्याकडे ठेवतो तशी." मला लाजच वाटत होती. पण रात्री परत आल्यावर ताईनं दिलेला चिवडा घेऊन खाली गेले. बुढीनं किल्ली घेतली, आतल्या खिळ्याला अडकवली आणि आपलं आडनाव उच्चारून पाहिलं. उच्चार चारदा चुकला. पण नाव तिला वाचून ठाऊक होतं, कारण इथं बहुतेक फ्लॅटांना नंबरच नसतो. बेलवरचं नाव वाचून टपाल येतं. म्हणून बाबा, पाकिटावर आडनाव ठळक लिहा.

कपाशीचा दुसरा वेचा निघाला का? मजूर मिळाले की आईच वावरात जाते? खरं सांगा.

तुमची,
मोठी