ग्रहणात गुरुत्वाकर्षण अडते, तर मध्यरात्री का अडत नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे ग्रहण आणि गुरुत्वाकर्षण यांविषयी वाचकांची काही पत्रे प्रसिद्ध झाली. चंद्र मध्ये आल्याने सूर्याचे आकर्षण अडते, त्यामुळे पृथ्वीवरील वस्तू काही काळ हलक्या होतात आणि म्हणूनच परातीत ठेवलेले मुसळ ग्रहणकाळात आधाराविना उभे राहते, असा त्यांचा एकंदर युक्तिवाद आहे. शास्त्रज्ञ हा प्रश्न विचारूच देत नाहीत, अशी तक्रारही एका पत्रात आहे. त्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती वस्तुस्थितीला धरून नाही.

पदार्थामुळे गुरुत्वाकर्षण अडते का, हे इटलीतील क्विरीनो मायोराना यांनी तुरीन येथे शतकापूर्वीच तपासले होते. सव्वा किलोच्या शिशाच्या गोळ्याभोवती १०४ किलो पारा ठेवून त्यांनी गोळ्याचे वजन केले आणि ते सुमारे एक अब्जांशाने घटल्याचा दावा केला. पुढे ३० जून १९५४ च्या सूर्यग्रहणात फ्रान्समधील मॉरिस आले (Maurice Allais) यांना त्यांच्या लंबकाचे आंदोलन-प्रतल, म्हणजे लंबक ज्या पातळीत झुलतो ती पातळी, अनपेक्षितपणे वळलेले आढळले. हे आले व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ होते आणि १९८८ चे अर्थशास्त्राचे नोबेलही त्यांना मिळाले. म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तेही हौशीच. तरीही त्यांचे निरीक्षण कोणी केराच्या टोपलीत टाकले नाही. ९ मार्च १९९७ च्या खग्रास ग्रहणात चीनच्या मोहे येथे संवेदनशील गुरुत्वमापक लावला गेला. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात मोजमापे घेऊन ती प्रसिद्ध केली. प्रश्न विचारला गेला, वारंवार विचारला गेला आणि त्यासाठी महागडी उपकरणे थंडीवाऱ्यात नेऊन ठेवली गेली.

मोहेच्या नोंदीत गुरुत्व सहा ते सात मायक्रोगॅलने घटलेले दिसले. मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा साधारण एक अब्जांश भाग. उपकरण तीन सेंटिमीटर वर उचलले, तरी त्याच्यावरील गुरुत्व नऊ मायक्रोगॅलने कमी होते. हवेचा दाब एक मिलिबारने बदलला, तर वाचन सुमारे एक तृतीयांश मायक्रोगॅलने सरकते. ग्रहणाच्या सावलीत हवा झपाट्याने थंड होते आणि तिचे वस्तुमान इकडून तिकडे जाते. मोहेची घट याच कारणाने आली असावी, असे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले. त्याहून बोलका तपशील असा, की ती घट ग्रहणाच्या स्पर्शाच्या आणि मोक्षाच्या सुमारास दिसली, मध्याला नाही. चंद्र खरोखरच आकर्षण अडवत असता, तर सूर्यबिंब पूर्ण झाकलेले असतानाच परिणाम सर्वाधिक असायला हवा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. उन्नीकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या नोंदींची छाननी करून, त्या आकर्षण अडण्याच्या कल्पनेला पुष्टी देत नाहीत, हे दाखवून दिले. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणात बेल्जियममधील मेम्बाख येथील अतिसंवाहक गुरुत्वमापकाला तर, जो याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, काहीच वेगळे आढळले नाही.

आता आपल्या पत्रलेखकांच्या सिद्धांताकडे येतो. त्यातील गणित कोणीच केलेले नाही, आणि ते दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे आहे. सूर्य आपल्याला सेकंदाच्या वर्गामागे ०.६ सेंटिमीटर इतक्या त्वरणाने खेचतो, म्हणजे सहा लाख मायक्रोगॅल. एरवी हे जाणवत नाही, कारण आपल्या पायांखालची पृथ्वीही त्याच त्वरणाने सूर्याकडे ओढली जात असते. चंद्राने भर दुपारी हे आकर्षण आपल्यापुरते पूर्णपणे अडवले, तर पृथ्वी सूर्याकडे ओढली जात राहील आणि आपण ओढले जाणार नाही; परिणामी ती आपल्याला खालून वर रेटेल आणि वजन वाढेल. साठ किलोच्या माणसाचे वजन सुमारे ३६ ग्रॅमने जास्त भरेल. सिद्धांत सांगतो की वस्तू हलकी होईल. त्याच सिद्धांताचे गणित सांगते की ती जड होईल. प्रत्यक्षात मोहे येथे सहा लाखांऐवजी सातच्या वर आकडा गेलेला नाही, आणि त्या सातांचीही दिशा उलटी आहे.

दुसरा आक्षेप अधिक साधा आहे आणि मला तो निर्णायक वाटतो. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर. रोज मध्यरात्री आपण आणि सूर्य यांच्यामध्ये साधारण १२,७०० किलोमीटर व्यासाची, चंद्राहून घन अशी अख्खी पृथ्वी उभी असते. मधल्या पदार्थाने आकर्षण अडत असेल, तर ग्रहणाची वाट कशाला पाहायची? अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी १९२१ मध्ये मायोरानांच्या कल्पनेवर नेमका हाच धागा पकडून, समुद्राच्या भरतीच्या आधारे टीका केली होती. पृथ्वीच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या बाजूंवर सूर्याचा जोर असा विषम असता, तर भरती-ओहोटीचे सारे वेळापत्रकच वेगळे झाले असते. कोकणातील मच्छीमारांना उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती, असते, हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. ग्रहणाच्या अमावास्येला त्या उधाणात निराळे काही घडल्याचे मी तरी कोणाकडून ऐकलेले नाही.

मुसळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सपाट बुडाचे मुसळ सपाट परातीत धीराने उभे केले तर कोणत्याही दिवशी उभे राहते. ग्रहणाच्या दिवशी ते उभे करून पाहणारे अधिक असतात, एवढेच. यासाठी कुणाच्या आजीची चेष्टा करण्याचे कारण नाही. मात्र छायाचित्र पाठवणाऱ्याने तेच मुसळ आदल्या आणि नंतरच्या आठवड्यातही उभे करून पाहिले होते का, हे विचारायलाच हवे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून जाणारे मोठे खग्रास सूर्यग्रहण आहे. लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकेल आणि महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ज्या पत्रलेखकांचा आपल्या सिद्धांतावर विश्वास आहे, त्यांनी कोणत्या ठिकाणी, किती वाजता, किती मायक्रोगॅलचा आणि वाढीचा की घटीचा फरक पडेल, हे आजच आकड्यांत लिहून आपल्याकडे पाठवावे, आणि त्याच्या आधीच्या ग्रहण नसलेल्या अमावास्येला तो फरक का पडणार नाही, याचेही कारण द्यावे. आपण ती पत्रे तारखेसह छापावीत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, रत्नागिरी