खुर्च्या लावणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही, ग्रुपचंही लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं ताई. वयाने तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पण पहिल्या दिवशी तोंडातून ताई निघालं ते निघालं, आता ते बदलायचं नाही. जे दर महिन्याला सॉफ्टवेअरवाल्या मंडळींच्या मीटअपला येतात त्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल. जे येत नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते.

मी चौदा वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात डीटीपी केलं, म्हणजे छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर लावला. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, वर्गणीची पावतीपुस्तकं. आमचे मालक जुन्या वळणाचे. काम कमी असलं की सांगत बसायचे, गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये याच मुंबईत मराठी पंचांग छापलं, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि आपण त्याच पेठेत बसलोय, तेव्हा वेलांटी चुकली तर मला चालणार नाही. खरंच चालायची नाही. प्रूफवर लाल शाईने गोल करून कागद परत यायचा, आणि त्या गोलाबद्दल हुज्जत घालायची नसते हे आम्हाला ठाऊक होतं.

मग पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागल्या. ऑर्डरी आटल्या, मालक थकले, छापखाना बंद झाला. मी बदलापूर लोकलमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघत यूआय डिझाइन, म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीनची मांडणी, शिकले आणि वयाच्या चाळिशीत एका ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागले. तिथे सगळे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. चांगली मुलं होती, मदत करायची. पण मराठी स्क्रीनवर अक्षरं कापली जातायत असं मी सांगितलं की "आधी लाँच होऊ दे, मग बघू" एवढंच उत्तर मिळायचं. दोन-तीनदा असं झालं आणि मी सांगणं सोडलं. चौदा वर्षं जे केलं ते आता कुणाच्या उपयोगाचं नाही, असं मनाशी धरून बसले होते.

त्या मनःस्थितीत मी पवईला मीटअपला आले. गेटवर वहीत लॅपटॉपचा नंबर लिहिला, शर्टावर व्हिजिटरचं स्टिकर लावलं, सातव्या मजल्यावर गेले. वेळेआधी वीस मिनिटं. हॉलमध्ये एकट्या तुम्ही, खुर्च्या लावत होतात. मला वाटलं तुम्ही त्या ऑफिसच्या असाल. मीही पर्स ठेवून खुर्च्या उचलायला लागले. तुम्ही विचारलंत, काय करता? मी म्हटलं, आधी डीटीपी करायचे, आता हे शिकतेय.

तुमच्या हातात खुर्ची होती. ती तशीच खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्हणजे तुम्हाला अक्षरं कळतात. अहो, आमच्याकडे कोड लिहिणारे पन्नास आहेत, अक्षरं कळणारं कुणी नाही." आणि खिशातून फोन काढून मला एक स्क्रीन दाखवलीत. कुठल्याशा अ‍ॅपचं बटण होतं. "मूर्तींची" हा शब्द. त्यातल्या ती वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही येतात. बटणाची उंची इंग्रजी अक्षरं धरून ठरवलेली, त्यामुळे वरचं सगळं तासून निघालं होतं आणि शब्द भलताच दिसत होता. तुम्ही विचारलंत, हे कशामुळे होतं? मंडळांच्या अहवालात हा शब्द मी शेकडो वेळा लावलाय. मी सांगत गेले, तुम्ही उभ्या उभ्या फोनमध्ये लिहून घेत गेलात. लोक यायला लागले, तुम्हाला हाका मारायला लागले, तरी माझं वाक्य संपेपर्यंत तुम्ही हलला नाहीत.

ताई, आभार मानायचेत ते पहिले याचे. नंतर तुम्ही पुष्कळ केलंत, पण त्या पाच मिनिटांत माझी चौदा वर्षं मला परत मिळाली.

त्या दिवशीचं भाषण इंग्रजीत होतं. मला बरंचसं समजलं. एक प्रश्नही मनात आला, पण इंग्रजीत जुळवेना. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. ते तुम्ही मागून पाहिलंत कसं, देव जाणे. "मराठीत विचारा, मी सांगते," असं सगळ्यांसमोर म्हणालात. मी विचारलं. तुम्ही तो प्रश्न इंग्रजीत सांगितलात तेव्हा त्यातला एक शब्दही गाळला नाहीत, सोपा करून सांगितला नाहीत. बोलणाऱ्या मुलाने हिंदीत उत्तर दिलं आणि चांगलं दिलं. त्यानंतर मागच्या रांगेतून आणखी तिघांनी मराठीत विचारलं. एक मुलगा पनवेलच्या पॉलिटेक्निकचा होता, तो चार महिने येत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, असं त्यानेच मला नंतर चहाच्या वेळी सांगितलं.

मग तुम्ही मला दहा मिनिटं बोलायला लावलंत. मी तीनदा नाही म्हटलं. तुम्ही रात्री दहानंतर, स्वतःचं ऑफिस, घर आटोपून, चार रात्री फोनवर माझं बोलणं ऐकलंत. मी युनिकोडचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, सगळा इतिहास लिहून काढला होता, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. तुम्ही म्हणालात, "हे ठेवू या नंतर. आधी फळ्यावर दोन शब्द लिहा, तिथून सुरू करा." ते दोन शब्द कुठले ते मात्र मला ठरवू दिलंत.

मी फळ्यावर लिहिलं: दर्या. त्याच्याखाली: दऱ्या. आणि विचारलं, यातला समुद्र कुठला? मराठी येणारे हसले. बाकीच्यांना दोन शब्दांत फरकच दिसेना. तोच तर मुद्दा होता. एकात रफार आहे, दुसऱ्यात आडवा र, आणि अर्थ समुद्रावरून एकदम डोंगरांमधल्या दऱ्यांवर जातो. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा, यात लग्नघरी केवढा फरक! आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो आडवा र वेगळी कळ दाबून बसवायचा असे. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आहे, त्याला हलन्त आणि पुढे य जोडला की आडवा र आपोआप उमटतो. साधा र घेतलात तर रफारच येणार. ज्याने कीबोर्ड बनवला किंवा मजकूर भरला त्याला हे माहीत नसेल तर वाचणाऱ्याला दऱ्यांच्या जागी दर्या मिळतो.

पुढचं भराभर सांगितलं. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं की शब्द देखणा दिसतो; देवनागरीत तेच केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मराठीला जास्त द्यावं लागतं. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहिलं, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श दिलेला असला, तर वाचणाऱ्याला आपला ल दिसतो, नाहीतर हिंदी वळणाचा. हे सगळं एका ओळीच्या बदलाने होतं. तुम्ही समोरच्या रांगेत बसून मान डोलावत होतात आणि सात मिनिटं झाल्यावर तीन बोटं दाखवलीत.

त्या तीन मिनिटांत र. कृ. जोशींबद्दल बोलले, ते तुमच्यामुळेच. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचा. आयआयटीच्या ज्या डिझाइन सेंटरमध्ये ते शिकवायचे, ते १९६९ पासून याच पवईत आहे, आम्ही बसलो होतो तिथून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी मुंबईत बसून बलू आणि मुक्तासारखे फॉन्ट केले, ते कुणालाही फुकट वापरता येतात. माझ्याच ऑफिसात कुणाला हे माहीत नव्हतं. मुलं परदेशातले फॉन्ट शोधत होती आणि हे इथेच होतं.

बोलणं संपल्यावर एक तरुण माझ्याजवळ आला. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने २००६ मध्ये सुरू केलेला, तोही फुकट. त्याने विचारलं, "मॅडम, जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली मला नुसत्या एबीसीडीची खिचडी म्हणून ऐकू येतात, ते का?" मी त्याला सांगितलं की त्या फॉन्टमध्ये पडद्यावर क दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या सोसायटीची नोटीस मला कधीच वाचता येणार नाही?" मी चौदा वर्षं अशाच फायली बनवल्या होत्या. कागदावर एकही वेलांटी चुकू दिली नाही, पण त्याच्यासाठी ते सगळं कोरं होतं. त्या रात्री लोकलमध्ये मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मग पुढच्या महिन्यात हेच करू. जुन्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या ते शिकवा. लॅपटॉप घेऊन बसू सगळे." आणि बसलो. सोसायटीच्या नोटिशीपासूनच सुरुवात केली. आडवा र आणि जोडाक्षरं कन्व्हर्टरमध्ये हमखास गडबडतात, ती हाताने दुरुस्त करावी लागली. शेवटी त्या मुलाने हेडफोन काढून नोटीस सगळ्यांना ऐकवली. पाण्याच्या टाकीच्या सफाईची होती. सगळा हॉल गप्प बसून ती ऐकत होता.

आता जे कुणाला दिसत नाही ते लिहिते. तुम्हाला आवडणार नाही, पण लिहिते.

मीटअप म्हणजे रविवारचे तीन तास, असं येणाऱ्याला वाटतं. मी वर्षभर तुमच्या मागे फिरले म्हणून मला ठाऊक आहे. फुकट जागा देणारी कंपनी शोधायची, त्यांच्या सिक्युरिटीला दोन दिवस आधी नावांची यादी पाठवायची, ऐनवेळी आलेल्या पोरांसाठी गेटवर स्वतः खाली जायचं. नावं नोंदवतात त्यातले निम्मे येतात, पण निम्मे कुठले ते कळत नाही, म्हणून वडापाव किती सांगायचे हा दर वेळचा घोर. प्रोजेक्टरच्या पिना तुमच्या पिशवीत तीन प्रकारच्या असतात. एकदा एक जण पैसे द्यायला तयार होता, बदल्यात आपल्या मालाची अर्धा तास जाहिरात करू द्या म्हणाला. तुम्ही नाही म्हणालात आणि त्या महिन्याचा चहा स्वतः पाजलात. ते मला चहावाल्याकडून कळलं.

आणि मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी रेल्वे रविवारी घेते तो ब्लॉक. तारीख ठरवण्याआधी रेल्वेचा ब्लॉक बघणारा संयोजक मी दुसरा पाहिला नाही. माटुंगा ते मुलुंड स्लो लाइनवर ब्लॉक असला की गाड्या फास्ट ट्रॅकवरून वळवतात आणि त्या कांजूरला, म्हणजे पवईसाठी उतरायच्या कांजूरमार्ग स्टेशनला, थांबत नाहीत. ज्याला माहीत नसतं तो भांडुपहून थेट विक्रोळीला पोचतो आणि गोंधळतो. तुमच्या मेसेजमध्ये पत्त्याच्याही आधी ही ओळ असते: "आज कांजूरला गाडी थांबणार नाही, विक्रोळीला उतरा, तिथून शेअर रिक्षा." बदलापूर, टिटवाळा, कळव्याहून येणाऱ्यांसाठी ही ओळ लिहिलेली असते हे मला पहिल्यांदा वाचतानाच समजलं, आणि त्या क्षणी वाटलं की इथे आपण येणार हे कुणीतरी धरून चाललंय. कार्यक्रम सहाला संपवायचा म्हणजे संपवायचा, कितीही मोठा वक्ता असो, हेही लांबच्या बायकांसाठीच. माझ्या सासूबाई तुम्हाला ओळखत नाहीत, पण "सहाला सुटतेस ना, मग जा" म्हणतात.

माझ्या ऑफिसात आता मराठी स्क्रीन आधी माझ्याकडे येते. प्रूफ म्हणून. मी लाल गोल करते. मुलं हुज्जत घालत नाहीत.

गेल्या महिन्यात तुम्ही आजारी होतात आणि तरी आलात, भिंतीला टेकून उभ्या होतात. तसं आता करायचं नाही. पनवेलचा मुलगा, तो स्क्रीन रीडरवाला, मी आणि आणखी दोघं असे आम्ही पाच जण ठरवून बसलोय. यादी पनवेलचा मुलगा पाठवेल, वडापाव मी सांगेन, पिनांची पिशवी तेवढी आमच्या हवाली करा. या रविवारचा ब्लॉक मी बघितलाय. हार्बरवर आहे, मेन लाइन सुरळीत आहे, गाडी कांजूरला थांबेल. मेसेज मीच टाकलाय. तुम्ही तीनच्या आधी यायचं नाही. खुर्च्या आम्ही लावतो.

तुमची,
बदलापूरची डीटीपीवाली