घरून बोलणाऱ्या वक्त्याची जागा राखून ठेवावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहित्य, लोकसंस्कृती आणि शिक्षण या विषयांवरील परिषदा आता पुन्हा सभागृहांत भरू लागल्या आहेत आणि ते योग्यच आहे. मात्र त्याबरोबर घरून ऑनलाइन बोलणाऱ्या वक्त्याची सोयही हळूहळू आवरती घेतली जात आहे, असे दिसते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माणसाच्या दृष्टीने यात मोठे नुकसान आहे. म्हणून, आयोजकांपर्यंत ही बाजू पोहोचावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडून महाराष्ट्रातल्या परिषदेला जाणे म्हणजे केवळ तिकीट काढून बसमध्ये बसणे नव्हे. २०२१ मध्ये कर्नाटकच्या हद्दीवरील कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून परत येता येत नव्हते. ती साथीची गोष्ट झाली. परंतु साथ ओसरल्यानंतरही २०२२ च्या अखेरीस आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीमावाद तापल्यामुळे दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या होत्या. अशा वेळी पुण्यात दहा-पंधरा मिनिटांचा निबंध वाचायचा म्हटले, तर जाणे, मुक्काम आणि परत येणे या तिन्हींची खात्री नसते. ज्या बाईच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे किंवा दारात दुभते जनावर आहे, तिला तर निमंत्रण येऊनही नाही म्हणावे लागते. विषय ठाऊक असलेली अशी किती माणसे कार्यक्रमपत्रिकेत कधी आलीच नसतील, याचा विचार केला की वाईट वाटते.

पुण्यातील एका संस्थेच्या ऑनलाइन परिषदेत खानापूर तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांवर मी घरून बोलले, तेव्हा एक गोष्ट घडली जी सभागृहात घडू शकली नसती. ज्यांच्या तोंडून मी त्या ओव्या उतरवून घेतल्या, त्या शेजारपाजारच्या बायका माझ्याच खोलीत येऊन बसल्या होत्या. आपल्याविषयी काय बोलले जाते, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. माहेरच्या वाटेवरील गावांची नावे एका ओवीत ज्या क्रमाने येतात, तो क्रम बदललेला दिसतो, असे एका अभ्यासकांनी विचारले. मी उत्तर जुळवीत असतानाच मागे बसलेल्या आजींनी पुढे होऊन सांगितले की तिकडे जाणारी जुनी गाडीवाट वेगळी होती, सध्याचा रस्ता नंतर झाला, आणि ओवी जुन्या वाटेने चालते. प्रश्न विचारणाऱ्यांनी मग मला सोडून आजींनाच पुढचे प्रश्न विचारले. त्याही न बुजता आपल्या बोलीत उत्तरे देत राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, हे त्यांचे थोर काम आहे. पण संकलनानंतरच्या चर्चेत गाणारी बाई स्वतः बसलेली असणे अजून दुर्मीळ आहे. घरून बोलण्याच्या सोयीमुळे ते त्या दिवशी शक्य झाले.

याच परिषदेत जे बिघडले, तेही सांगणे आवश्यक आहे, कारण ते टाळता येण्यासारखे होते. ओवीचे ध्वनिमुद्रण मी ऐकवू लागले आणि पलीकडे जवळपास शांतता पसरली. अशा सभांच्या सॉफ्टवेअरमध्ये आसपासचा गोंगाट गाळण्याची व्यवस्था मुळातच चालू असते. ती माणसाचे बोलणे तेवढे ठेवते आणि पंखा, पाऊस यांसारखा सलग आवाज कापून टाकते. जात्याची घरघर तिला गोंगाटच वाटते आणि गळ्यातून लांबवर ओढलेला सूरही ती अधूनमधून खाऊन टाकते. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ ही, आवाज न गाळता पाठवण्याची, वेगळी सोय आहे. शिवाय पडद्यावर काही दाखवताना संगणकातला आवाज थेट पाठवण्याची खूण करता येते, म्हणजे तो माइकमधून जातच नाही. गाणे, भजन, वाद्य किंवा बोली यांवरची परिषद भरवणाऱ्यांना या दोन गोष्टी ठाऊक असायलाच हव्यात. आधी विचारणा करूनही आवाजाची चाचणी घेण्यात आली नाही, आणि ज्या ओव्यांसाठी सगळा खटाटोप होता, त्याच श्रोत्यांपर्यंत धड पोहोचल्या नाहीत.

इंटरनेटबाबतही असेच आहे. जोडणी घेताना आपल्याला जो वेग सांगितला जातो तो बहुधा डाउनलोडचा असतो. वक्त्याला मात्र अपलोडचा वेग लागतो आणि तो अनेकदा बराच कमी असतो. त्यातून आमच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय पलीकडच्या खोलीत अशक्त होऊनच पोहोचते. बोलण्याला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात, चांगल्या चित्राला त्याच्या दहापट किंवा अधिक लागतात. म्हणून जोडणी डळमळू लागली की कॅमेरा बंद करून बोलणे हाच उपाय असतो. अशा वेळी ‘कॅमेरा चालू ठेवा’ असा आग्रह अध्यक्षांनी धरू नये. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वीज आणि मोबाइलचा टॉवर दोन्ही जातात, तेव्हा वक्त्याचा निबंध आधीच मागवून ठेवला असेल तर दुसरे कोणी तो वाचू शकते. इतकी साधी तजवीजही बहुतेक ठिकाणी नसते.

घरून बोलताना सर्वांत जड जाते ते समोर चेहरे नसणे. सगळ्यांचे आवाज बंद, कॅमेरेही बंद. विनोदाला हसू नाही, दुःखाच्या ओवीला हुंकार नाही. वक्त्याला वेग कुठे कमी करावा हेच कळत नाही. निदान पाच-सहा जणांनी कॅमेरा चालू ठेवून ऐकावे, एवढे आयोजकांनी ठरवून घडवून आणले तरी बोलण्यात जीव येतो. आणि ऑनलाइन वक्त्याला दिवसाच्या शेवटी, सभागृह रिकामे होत असताना, निम्मी वेळ देऊन उरकण्याची जी रीत पडली आहे, ती अपमानकारक आहे, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

बेळगावने व्यासपीठाचे मोल ओळखलेले आहे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव १९४६ मध्ये येथल्याच साहित्य संमेलनात झाला, आणि आजही सुगी संपल्यावर कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत ग्रामस्थ आपल्या बळावर संमेलने भरवतात. तेव्हा विनंती दोन ठिकाणी आहे. महाराष्ट्रातील आयोजकांनी प्रत्येक परिषदेत सीमाभागातील वक्त्यांसाठी किमान एक ऑनलाइन सत्र, तेही सकाळच्या वेळेत, राखावे आणि आदल्या दिवशी आवाजाची चाचणी घ्यावी. आणि आपल्याकडील वाचनालयांनी एक लहान खोली, तारेने जोडलेले इंटरनेट, एक बरा माइक आणि इन्व्हर्टर एवढे जमवून ती खोली पंचक्रोशीतील वक्त्यांना विनामूल्य द्यावी. जिच्या घरी रेंज नाही किंवा शांतता नाही, तिला तेथे बसून बोलता येईल, आणि तिच्याबरोबर आलेल्यांनाही ऐकता येईल. गावोगावच्या संमेलन समित्यांची देणगीदारांकडे ये-जा असतेच. यंदाच्या बैठकांत मंडप आणि भोजनाच्या खर्चाबरोबर या खोलीचाही विषय घ्यावा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव