अकराने भाग जातो का, ते आईला बघायला सांग

लूव्हेन, बेल्जियम
१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर एवढंच सांगितलं की बॅग चोरीला गेली आणि मी सुखरूप आहे. आई शेजारी बसली होती म्हणून पुढचं बोलले नाही. पण मला जे सांगायचंय ते तुझ्या कामाचं आहे, आणि फोनवर तू 'बरं बरं, बघू' म्हणून विषय संपवशील. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

शुक्रवारी संध्याकाळी ब्रुसेल्सहून लूव्हेनला परत येत होते. अर्ध्या तासाचा प्रवास. बॅग डोक्यावरच्या फळीवर ठेवली आणि खिडकीशी बसले. गाडी सुटायच्या आधी एका माणसाने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, हातातला कागद दाखवला. मी दोन मिनिटं त्याच्याशी बोलले. तो उतरला, गाडी हलली, वर बघते तर फळी रिकामी. विचारणारा एक आणि उचलणारा दुसरा, हे नंतर लक्षात आलं. बॅगेत वहिनीने पाठवलेल्या चिवड्याचा डबा होता, माझा स्वेटर होता आणि ऑफिसचा लॅपटॉप होता.

त्या लॅपटॉपवर सहाशेहून जास्त रुग्णांची माहिती होती. वय, आजार, औषधं, काहींच्या घरच्या परिस्थितीबद्दलचे प्रश्न. लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेल्या गोष्टी. गाडीतूनच ऑफिसच्या नंबरवर फोन केला. आमच्याकडे माहितीच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती ना?" दुसरा, "लॅपटॉप पूर्ण बंद होता की नुसतं झाकण मिटलं होतंस?" लॅपटॉप कितीचा होता, नवा होता की जुना, हे त्यांनी विचारलंच नाही.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी होती आणि लॅपटॉप पूर्ण बंद होता, म्हणून मी त्या रात्री झोपू शकले. इथे युरोपात २०१८ पासून जीडीपीआर नावाचा कायदा लागू आहे. माहिती अशी बाहेर गेली आणि त्यातून लोकांना धोका संभवत असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. धोका मोठा असेल तर ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला सांगावं लागतं. पण माहिती एन्क्रिप्ट केलेली असेल, म्हणजे चोराला ती वाचताच येणार नसेल, तर लोकांना वेगळं कळवण्याची गरज नाही, असं त्याच कायद्यात लिहिलंय. नाहीतर सहाशे घरी पत्रं गेली असती. 'तुमच्या आजाराची माहिती आता कोणाच्या हातात आहे ते आम्हाला ठाऊक नाही' असं सांगणारी. एखादी सत्तर वर्षांची बाई ते पत्र उघडतेय, असं चित्र सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

आणि मग तुझा लॅपटॉप डोळ्यांसमोर आला.

तू लोकांची टॅक्सची कामं करायला कराडहून उंब्रजला, मसूरला, पाटणला जातोस. लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये, नाहीतर गाडीच्या हँडलला लटकवलेला. त्यात तुझ्या सगळ्या पार्ट्यांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स, फॉर्म १६. शिवाय ती एक्सेल शीट, ज्यात सगळ्यांचे इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड ओळीने लिहिलेत. ती मी उन्हाळ्यात स्वतः बघितली. कोणाच्या तरी पॅन-आधारवर परस्पर जीएसटी नोंदणी काढून बोगस बिलं फाडायची, हे प्रकार तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. नोटीस मात्र त्या मसूरच्या शेतकऱ्याच्या दारात येते, आणि कागद कुठून गेले ते त्याला जन्मात कळत नाही.

तू म्हणशील, माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे. तोच तर गैरसमज आहे, दादा. चालू करताना विचारला जातो तो पासवर्ड घराच्या पुढच्या दाराला लावलेल्या कडीसारखा असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर चार स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर घ्यायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. तुझ्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हसारख्या समोर उघड्या. पासवर्ड कोणी विचारतच नाही. दोन वर्षांपूर्वी तू जुना कॉम्प्युटर फॉरमॅट मारून विकलास ना? साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पुस्तकाची पानं तशीच राहतात. तो कोणाला दिलास ते आठवत असेल तर डिस्क परत मिळते का विचार.

एन्क्रिप्शनमध्ये पानंच बदलतात. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते आधी एका किल्लीने पार ढवळून टाकलं जातं आणि मग साठवलं जातं. किल्लीशिवाय बघणाऱ्याला तो नुसता आकड्यांचा कचरा दिसतो. त्या ढवळण्याच्या रीतीला एईएस म्हणतात आणि ती माझ्या या गावाशी जोडलेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. योआन डाएमन आणि व्हिन्सेंट राइमन या दोघांनी ती तयार केली. दोघांनीही पीएचडी इथल्याच विद्यापीठात केली. त्यांच्या आडनावांतली अक्षरं जोडून तिचं मूळ नाव राइनडाल ठेवलं. अमेरिकन सरकारने १९९७ मध्ये जगभरातून अशा रीती मागवल्या, १५ स्पर्धेत उतरल्या, ५ शेवटच्या फेरीत आल्या. प्रत्येकाने दुसऱ्याची रीत मोडून बघायचा जाहीर प्रयत्न केला. २००० साली राइनडालची निवड झाली आणि २००१ मध्ये ती तिथली अधिकृत रीत झाली. कृती पूर्ण उघड आहे, कोणीही वाचावी. गुप्त असते ती फक्त किल्ली, आणि लहानात लहान किल्लीसुद्धा ३९ आकडी इतक्या शक्यतांमधली एक असते. मी रोज सायकलवरून हेव्हरलेमधल्या विद्यापीठाच्या इमारतींजवळून जाते. चोरी झाल्यापासून तिथून जाताना मनात कृतज्ञता दाटून येते.

आता तुझ्या लॅपटॉपचं. तुझ्याकडे विंडोज ११ होम आहे. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', आणि त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असा पर्याय बघ. कदाचित ते आधीच चालू असेल. नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा ते आपोआप सुरू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. तसं असेल तर चांगलंच, पण मग पुढचं जास्त काळजीने वाच. चालू नसेल तर आधी सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घे, चार्जर लाव आणि चालू कर. पाऊस आणि वीज दोन्ही शांत असतील असा दिवस निवड. मशीन मंद होईल ही भीती सोड. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय असते, तुला फरक जाणवणारसुद्धा नाही.

या प्रकारात चालू करताना डिस्क लॅपटॉपमधली एक चिप स्वतःच उघडते. त्यामुळे लॉगिनचा पिन १२३४ ठेवलास तर सगळं वाया. वहिनीच्या नावापुढे जन्मसालही नको. माझ्या घरच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, तिथे सुरू होतानाच मला लांब पासवर्ड द्यावा लागतो. तो मी आपल्या सापशिडीच्या फाशाने काढला. फासा टाकायचा, आलेल्या आकड्यांवरून यादीतला शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. पाच वेळा फासा टाकला की ७,७७६ शब्दांपैकी एक ठरतो, आणि तो ठरवताना आपल्या आवडीनिवडीचा संबंधच येत नाही. माणसाने स्वतः निवडलेला शब्द दुसऱ्या माणसाला सुचतो, फाशाने निवडलेला सुचत नाही. इथल्या कीबोर्डवर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांच्या जागांची अदलाबदल असते, त्यामुळे पहिले आठ दिवस फार चुका झाल्या. आता बोटांना सवय झाली.

सगळ्यात महत्त्वाचं आता. एन्क्रिप्शन चालू केलं की एक रिकव्हरी की तयार होते. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधली मुख्य पट्टी, बदलला, दुरुस्तीवाल्याने काही आतलं सेटिंग हलवलं, तर लॅपटॉप उघडताना तीच किल्ली मागतो. नसेल तर चोराची जी गत तीच मालकाची. माझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने मागच्या वर्षी मदरबोर्ड बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची मागणी. किल्ली कधी, कुठे साठवली ते तिला आठवेना, जुन्या खात्यात मिळेना. दोन वर्षांच्या नोंदी त्या डिस्कवर आजही आहेत, टेबलाच्या खणात पडून. कोणालाच वाचता येत नाहीत. ती रडली ते मी बघितलंय, म्हणून तुला हे पुन्हा पुन्हा सांगते.

किल्ली छाप आणि शिवाय हाताने कागदावर उतरवून ठेव. लॅपटॉपच्या सॅकमध्ये ठेवू नकोस. एक कागद आईच्या लोखंडी कपाटात, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. आजी कोठीच्या किल्ल्या कमरेला लावायची, पण एक जास्तीची किल्ली धाकट्या काकूकडे असायची, तसंच हे. तुला काही झालं, तू दवाखान्यात असलास, तर वहिनीला त्या फायली उघडता आल्या पाहिजेत. बाबा गेल्यावर आपण त्यांची एकेक पावती शोधत महिनाभर फिरलो होतो, आठवतंय ना?

आणखी थोडं, मग थांबते. उघड्या, चालू लॅपटॉपला एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही. कोणी खोटी लिंक पाठवली आणि तू दाबलीस, तरी उपयोग नाही. फक्त झाकण मिटून निघू नकोस. प्रवासाला निघताना शट डाउन कर आणि मगच सॅकमध्ये टाक. पेन ड्राइव्हवर पार्ट्यांचे कागद ठेवतोस, त्याला हे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी व्हेराक्रिप्ट नावाचा फुकट प्रोग्राम आहे, मी आले की बसवून देईन. तोवर पेन ड्राइव्ह पाटणला नेऊ नकोस. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तुझ्यासारख्याला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण लोक तुझ्या हातात आधार कार्ड ठेवतात ते बाबांच्या नावामुळे आणि तुझ्या शब्दामुळे, हे तूच मला सांगतोस.

एन्क्रिप्शनने माझं काही परत मिळालं नाही, तेही सांगते. शेवटची प्रत घेतल्यापासून तीन आठवड्यांचं काम गेलं, ते पुन्हा करतेय. उन्हाळ्यात आईने म्हटलेल्या आजीच्या ओव्या मी फोनवरून त्याच लॅपटॉपवर उतरवल्या होत्या आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथल्या पुसल्या होत्या. त्या गेल्या. चोरालाही त्या ऐकता येणार नाहीत, मलाही नाही. आईला हे अजून सांगू नकोस. मी आले की ती पुन्हा म्हणेल, आणि या वेळी मी तीन ठिकाणी ठेवीन.

तिला एक काम मात्र दे. त्या रिकव्हरी कीमधला सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने पूर्ण भागला जातो, तसाच तो बनवलेला असतो. म्हणजे हाताने उतरवताना एखादा आकडा चुकला तर लगेच पकडता येतो. आई वर्गात शिकवायची ती ११ ची कसोटी इथे चालते. एक सोडून एक आकड्यांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज, आणि दोन्हींतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत. १२३४५३ घे. एक, तीन, पाच मिळून नऊ. दोन, चार, तीन मिळूनही नऊ. बरोबर. किल्ली तू वाचून दाखव, तिच्या अक्षरात लिहून घे, चष्मा लावून आठही गट तिच्याकडून तपासून घे. तिचे सात आणि एक कधी एकसारखे दिसत नाहीत, तुझे दिसतात.

मग मला फोन कर. आकडे सांगू नकोस, कागदाचा फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. आठही गटांना भाग गेला, एवढंच आईला सांगायला सांग.

आईला साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, चिमीला गोड पापा. चिवडा चोराला मिळाला असं वहिनीला सांग, पुढच्या वेळी जास्त पाठव म्हणावं.

तुझी,
धाकटी