सही करण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसात, तीन टेबलं घ्यायचं ठरवतोयस, ते बरंच आहे. फक्त तिथे पैसे टेबलाचे नसतात. महिन्याभराच्या नोटिशीवर उठून जाता येतं, त्याचे असतात. म्हणून आधी करार वाच. लॉक-इन किती (म्हणजे किती महिने जागा सोडता येत नाही), डिपॉझिट किती दिवसांत परत, टेबल मधेच कमी करता येतं का, हे लेखी घे. वर्षभराचे एकदम भरल्यास सूट देतो म्हणाले, तर सूट सोड. जागा चालवणारा स्वतः बहुतेक वेळा मालकाशी दहा-पंधरा वर्षांचा करार करून बसलेला असतो आणि तुला मात्र महिन्यावर देतो. मंदीत सभासद उठतात, त्याचं भाडं चालूच. वीवर्कसारख्या अवाढव्य को-वर्किंग कंपनीनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तो बराचसा याच तिढ्यापायी. आगाऊ भरलेले पैसे अशा वेळी अडकतात.

जागा पाहायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस, तेव्हा सगळंच शांत असतं. एक दिवसाचा पास काढ आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला तिथूनच व्हिडिओ कॉल लाव. इंटरनेटचा डाउनलोड सगळेच मिरवतात. कॉल तुटतो तो बहुतेकदा अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग, कमी पडल्याने. फोन बूथ किती आणि माणसं किती, मोज. शेजारचा फोनवर बोलतो तेव्हा संभाषणाची एकच बाजू ऐकू येते आणि उरलेली जुळवण्यात डोकं नकळत गुंततं, म्हणून दोघांच्या गप्पांपेक्षा त्याचा त्रास जास्त. मीटिंग रूम काचेची असेल तर आत टाळी वाजवून बघ. आवाज घुमला, तर ग्राहकाला कॉलवर तुझं बोलणं नीट कळणार नाही. महिन्याला किती तास फुकट आणि पुढे तासाला किती, तेही विचार. बिल फुगतं ते इथेच.

कंपनीचा नोंदणीकृत पत्ता तिथला देऊ नकोस. जागा सोडलीस की बँक, कर, परवाने, सगळीकडे पत्ता बदलत बसावं लागेल.

ओळखी होतील, पण आपोआप नाही. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातले दोन दिवस अशी जागा उघडली, तर पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही. केबिनमध्ये बसून वर्ष काढलंस तर शेजारच्या हिशेबनीसाचं नावही कळणार नाही. निदान सुरुवातीचे तीन महिने सामायिक टेबलावर बस. गोपनीय कागद तेवढे उघड्यावर नकोत, आणि प्रिंटरवर विसरायचे तर मुळीच नाहीत.

कराराचा मसुदा आला की मला पाठव.

तुझी,
आई