न घेतलेल्या कर्जाची थकबाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावभागात माझी पिठाची गिरणी आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची कांडपाचं मशीन घ्यावं म्हणून फेब्रुवारीत बँकेत अर्ज दिला. साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "काका, मोबाइलचे हप्ते का थकवलेत?" माझ्या खिशात बटणांचा फोन. तो काढून टेबलावर ठेवला, पण फोन बघून सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, सुधारत नाही.

अहवाल काढला. एका फायनान्स कंपनीचं २६ हजारांचं कर्ज. नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीखही बरोबर. पत्ता मात्र ठाण्याचा आणि मोबाइल नंबर जन्मात न पाहिलेला. म्हणजे कर्ज देताना पत्ता कुणी पडताळला नाही, थकल्यावर मात्र मी सापडलो!

कंपनी म्हणे, पोलिसांत जा. चौकीत म्हणाले, आधी कंपनीचा कागद आणा. गिरणी बंद ठेवून दोन आठवडे हेलपाटे घातले. शेवटी सीएकडे कामाला असलेल्या शेजारच्या पोरीनं वाट दाखवली. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तिनंच तक्रार भरली (पैसेच गेले असतील तर तातडीनं १९३० ला फोन करायचा), तिची पोच जोडून सिबिल कंपनीकडे (हा स्कोअर नि कर्जांच्या नोंदी तीच ठेवते) हरकत नोंदवली. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही तिच्याकडूनच कळलं. आणि मुख्य म्हणजे रिझर्व्ह बँकेचं ऑक्टोबर २०२३ चं परिपत्रक. कर्जाच्या अहवालातल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यायची. हे लेखी कळवलं आणि आजवर माझा फोन न उचलणाऱ्या कंपनीचा फोन मला आला. सत्ताविसाव्या दिवशी त्या कर्जाची नोंद माझ्या अहवालातून काढली गेली. तोवर चटणीचा हंगाम सरला होता.

माझे कागद कुठून गेले, देव जाणे. २०१९ च्या पुरात गिरणीत पाणी शिरलं, तेव्हा अनुदानासाठी आधार, पासबुक, पॅन यांच्या झेरॉक्स किती ठिकाणी दिल्या याची गणती नाही. कुणावर आळ घेत नाही. त्यानंतरही सिमकार्डाला दिली, पंढरपूरच्या लॉजला दिली. परवा भडंगाची पुडी सोडली, तर आतल्या बाजूला कुणा बाईंचं आधार कार्ड, फोटोसकट! झेरॉक्सच्या दुकानातल्या बिघडलेल्या प्रती रद्दीत जातात, तिथून पुडीत. त्या बाईंना पत्ताही नसेल.

आपल्या वाचकांना एवढंच कळवायचं आहे की, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. मी आता दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवतो, म्हणजे वर्षभर नजर राहते. नुसता स्कोअर बघून भागत नाही; खाली कर्जांची यादी असते, ती वाचावी लागते. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही फुकट उतरवून घेता येते.

पण अशी जपून दिलेली प्रत घेणार कोण? गेल्या आठवड्यात पोराचं सिम घ्यायला गेलो. झेरॉक्सवर आडवं लिहिलं होतं, "फक्त सिमकार्डासाठी", खाली तारीख आणि सही. दुकानदारानं कागद परत सरकवला. "काका, असली चालत नाही, कोरी आणा." कोणत्या नियमात बसत नाही विचारलं, तर म्हणाला, वरून सांगितलंय. हे 'वर' कुठं आहे ते आपल्या बातमीदारानं शोधून छापावं, ही विनंती.

आपला,
एक गिरणीवाला वाचक
गावभाग, सांगली